‘सारखा’भोवतीचं वर्तुळ

जुलै-ऑगस्टात दिवाळी अंकासाठी कथा येऊ लागल्या की माझं टेबल दिसेनासं होतं. हल्ली बहुतेक कथा मोबाइलवरच टंकलेल्या असतात, पण मी त्या छापून घेते आणि पहिलं वाचन हातात पेन्सिल धरूनच करते. सारखा, जसा, जणू, प्रमाणे, गत, वाणी असा शब्द दिसला की त्याभोवती वर्तुळ. कथा संपल्यावर पानं जरा लांब धरून बघायची. काही पानांना देवी आलेल्या असतात.

वर्तुळ म्हणजे शिक्षा नव्हे, नुसती चौकशी. व्याकरणाच्या तासाला उपमेचे चार भाग पाठ करून घेतात : उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द. परीक्षा झाली की सगळे ते विसरतात. मला मात्र ते रोज लागतात, कारण फसलेल्या उपमेत बाकी तिघं हजर असतात आणि साधारण धर्मच बेपत्ता असतो.

एक वाक्य देते, लेखक ओळखू येऊ नये इतपत बदलून : ‘म्हाताऱ्याचा चेहरा वाळवंटासारखा भेगाळला होता.’ कानाला बरं वाटतं. पण वाळूला भेगा पडत नाहीत. भेगा पडतात काळ्या रानाला, तळ्यात सुकलेल्या गाळाला. शिवाय हा म्हातारा मराठवाड्यातला, माळकरी, दर आषाढीला पायी जाणारा. त्याला ठाऊक असलेलं वाळवंट एकच, चंद्रभागेचं. तिथे टाळमृदंग, गर्दी, भिजलेली धोतरं. त्या शब्दासरशी त्याचा चेहरा खुलायला हवा.

लेखकाला फोन केला. गावाजवळ काय आहे, विचारलं.

“पाझर तलाव आहे. एप्रिलात तळ उघडा पडतो.”

“मग तोच घ्या की.”

“पण मॅडम, ते फार साधं वाटेल.”

या कामातली खरी अडचण ही. उपमा लांबून आणली की भारी, हा समज नव्या लेखकांच्या मनातून जाता जात नाही. बहिणाबाई चौधरी शाळेत गेल्या नव्हत्या. मोट, जातं, तवा, सुगरणीचा खोपा एवढ्या सामानावर त्यांनी संसारापासून मरणापर्यंत सगळं सांगितलं. त्या गेल्या १९५१ साली. पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांच्या कवितांचं पुस्तक निघालं आणि ते ‘साधं’ आहे म्हणून कुणी बाजूला ठेवल्याचं ऐकिवात नाही.

रूपकाला पकडणं जास्त कठीण. त्यात साम्यवाचक शब्दच नसतो, त्यामुळे ते पेन्सिलीखालून निसटतं. ‘दुःखाचा डोंगर तिच्या डोळ्यांतून वाहू लागला’ हे वाक्य माझ्याकडून पहिल्या वाचनात सहज पुढे गेलं असतं, इतका हा डोंगर ओळखीचा. झिजलेली रूपकं सगळीच टाकाऊ नसतात. राजगडाच्या सुवेळा माचीवर खडकाला आरपार भोक आहे, त्याला नेढं, म्हणजे सुईचं भोक, म्हणतात. तिथे वारा खात बसलेल्याला सुई आठवत नाही आणि आठवायची गरजही नाही. जागा बरोबर कळते. दुःखाच्या डोंगरातून मात्र काहीच कळत नाही. बाई रडली, एवढं लिहिलं असतं तरी ती दिसली असती.

कधीकधी उलट बोलणं ऐकावं लागतं. ज्ञानेश्वर एकेका मुद्द्यासाठी चार-चार दृष्टांत देतात, मग आमचीच उपमा का खोडता? प्रश्न रास्त आहे. शके १२१२ मधल्या ज्ञानेश्वरीत सुमारे नऊ हजार ओव्या आहेत, आणि दिवा, पाणी, सोनं, बीज यांची माळ लागलेली असते. पण सांगायचं होतं ते आत्म्याबद्दल, जो कुणाला दाखवता येत नाही. एका दृष्टांताने भागलं नाही तर दुसरा घ्यावाच लागतो. तुमच्या कथेतला म्हातारा तर ओट्यावर बसलेला आहे. त्याचे हात, त्याची चिलीम, त्याचं खोकणं आधी लिहा. मग उपमा लागतेच का, ते बघू.

ज्यावर वर्तुळ काढताच येत नाही असं वाक्य अधूनमधून हाती लागतं. एका नव्या लेखिकेनं लिहिलं होतं : ‘सासू बोलायला लागली की घर आकसायचं.’ ना जणू, ना सारखा. सगळं काम एका क्रियापदानं केलं. खाली तीन ओळींत तिनं पिंजरा, तुरुंग आणि विहीर असं तिन्ही आणलं होतं. ते मी खोडलं, आणि तिनंही हुज्जत घातली नाही.

माझ्या हिशेबी एका पानावर एक उपमा टिकली तरी पुष्कळ, आणि तीसुद्धा पात्रानं स्वतः पाहिलेली असावी. तुम्ही यंदा कथा पाठवणार असाल, तर त्याआधी मोबाइलवर ‘सारख’ एवढीच अक्षरं शोधून बघा. जिथे जिथे सापडतील तिथे आपल्या पात्रानं ती वस्तू कुठे पाहिली, हे स्वतःला विचारा. उत्तर आलं नाही तर तिथेच खोडा. माझी पेन्सिल वाचेल.