सी-लिंकवर थरथर, दुखणं तेलात

मुंबईतल्या खारदांड्याच्या कोळीवाड्यातून मोठी एसयूव्ही बाहेर काढायची म्हणजे हातगाड्या, स्कूटर आणि समोरून आलेली रिक्षा यांच्यातून वाट काढत सरकायचं. तिथे ऑटोमॅटिक गाडी मुकाट चालते. मग ती सी-लिंकवर येते, वेग ६०-७०वर स्थिरावतो, ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका असतो आणि अचानक सेकंदभर सगळी गाडी बारीक थरथरते. गॅरेजमध्ये कधी स्पार्क प्लगवर संशय जातो, कधी व्हील बॅलन्सिंगवर. कुणी थेट ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ म्हणून मोकळा होतो. पण बरेचदा दोष गिअरमध्ये नसतो, तेलात असतो.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना थेट जोडलेले नसतात. इंजिनाकडचं पात्यांचं चाक तेल भिरकावतं आणि ते तेल समोरचं चाक फिरवतं. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं, तेही जहाजांसाठी. क्लचचं पेडल नसतानाही गाडी इंजिन बंद न पडता सिग्नलला थांबते, ती या रचनेमुळे. मात्र दोन चाकांच्या वेगात फरक राहतो आणि त्यात वाया जाणारी शक्ती तेल तापवते. म्हणून पॅकार्डने १९४९ मध्ये ‘अल्ट्रामॅटिक’ गिअरबॉक्समध्ये लॉक-अप क्लच दिला. वेग स्थिरावला की हा क्लच दोन्ही बाजू जोडून टाकतो. हल्लीच्या अनेक गिअरबॉक्समध्ये तो पूर्ण घट्ट धरत नाही. इंजिनाचे धक्के पुढे जाऊ नयेत म्हणून किंचित घसरण मुद्दाम ठेवलेली असते. थरथर सुरू होते ती इथेच.

घसरणीचा वेग वाढताना घर्षणही थोडं वाढत असेल, तर घसरण आपोआप सावरते. वेग कमी होताना घर्षण वाढू लागलं, तर पृष्ठभाग चिकटतात, सुटतात आणि पुन्हा चिकटतात. व्हायोलिनच्या गजाला राळ लावतात ती नेमकं हेच घडावं म्हणून. क्लचमध्ये मात्र ते घडू नये यासाठी तेलात ‘फ्रिक्शन मॉडिफायर’ घातलेले असतात. हे लांब शेपटीचे रेणू एका टोकाने पोलादाला धरून राहतात. उष्णतेने ते हळूहळू निकामी होतात. तेलाची थरथर रोखण्याची क्षमता तपासायला जपानमध्ये ‘जासो एम ३४९’ ही स्वतंत्र चाचणीच आहे.

दुसरा शत्रू पाणी. क्लचचं अस्तर कागदी तंतूंचं असतं आणि ते ओलावा धरतं. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या आठ गिअरच्या गाड्यांत अशीच थरथर आढळली. २०१९ मध्ये कंपनीने जुनं तेल काढून वेगळं, नवं तेल भरण्याची सूचना डीलरांना दिली.

मुंबईत हे दोन्ही शत्रू हजर असतात. गल्लीतल्या वेगात लॉक-अप बहुधा लागतच नाही. तेल घुसळत राहतं, तापतं आणि गाडी रखडल्यामुळे थंड व्हायला वारा मिळत नाही. पावसाळ्यात तुंबलेल्या सबवेतून गाडी नेली, तर गिअरबॉक्सच्या हवेच्या छिद्रातून पाणी आत शिरू शकतं.

निदानाची एक सोपी खूण आहे. थरथर चालू असताना ब्रेक अगदी हलका दाबला की बहुतेक गाड्यांत लॉक-अप सुटतो. त्याच क्षणी थरथर थांबली, तर संशय या क्लचवर. ही चाचणी अनुभवी मेकॅनिकनेच मोकळ्या रस्त्यावर करावी. गाडी एएमटी किंवा ड्युअल क्लचची असेल आणि जागेवरून निघताना थरथरत असेल, तर ते दुखणं वेगळं; तिथे तेल बदलणं हा उपाय नाही.

आधी स्कॅनर लावून इंजिनाचं मिसफायर नाही ना, ते पाहावं. मग कंपनीने सांगितलेल्याच दर्जाचं तेल भरावं. ड्रेन बोल्टमधून सगळं तेल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्येच राहतं. म्हणून काही वेळा बदल दोनदा करावा लागतो. तेलाची पातळीही ठरलेल्या तापमानालाच मोजायची असते. तेलाला करपट वास असेल किंवा त्यात धातूचा चुरा दिसला, तर अस्तर झिजलं असण्याची शक्यता मोठी. मग नवं तेल फार काळ साथ देत नाही आणि कन्व्हर्टर बदलणं टळत नाही.

गिअरबॉक्सचं तेल कधी बदलावंच लागत नाही, असं शोरूममध्ये सांगितलं, तरी गाडीच्या पुस्तिकेत ‘खडतर वापरा’चं वेगळं वेळापत्रक आहे का, ते पाहावं. रखडतं ट्रॅफिक, छोट्या फेऱ्या आणि उकाडा यांची नोंद त्यात असते. खारदांड्यातली गाडी रोज यातच चालते, तेव्हा तिने तेच वेळापत्रक पाळायचं.