केनिया : मतपेटी आणि जमिनीचे शल्य

केनियातील २७ डिसेंबर २००७ च्या निवडणुकीचा निकाल ३० डिसेंबरला घोषित झाला आणि त्याच संध्याकाळी म्वाई किबाकी यांचा शपथविधी घाईने उरकण्यात आला. राइला ओडिंगा यांनी न्यायालयात जाण्यास नकार दिला, कारण न्यायसंस्थेवर त्यांचा विश्वास नव्हता. पुढील हिंसाचारात १,१०० हून अधिक माणसे मारली गेली. यास केवळ ‘टोळीयुद्ध’ म्हणणे उथळपणाचे (आणि वसाहतकालीन सवयीचे) ठरेल. रिफ्ट खोऱ्यात गोऱ्यांनी बळकावलेल्या जमिनी स्वातंत्र्यानंतर मूळ रहिवाशांऐवजी बऱ्याच अंशी बाहेरून आलेल्या किकुयू कुटुंबांकडे गेल्या. हे शल्य १९९२ आणि १९९७ च्या निवडणुकांच्या आगेमागेही उफाळले होते. २०१० मध्ये नवी राज्यघटना आली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिंगांच्याच याचिकेवर अध्यक्षीय निवडणूक रद्द ठरविली. फेरमतदानावर मात्र त्यांनी बहिष्कार घातला.