ग्रामपंचायतीवर ६ जूनला चढणारा भगवा राज्याचा झेंडा आहे का?

पुणे : ६ जूनला ग्रामपंचायतीसमोर भगवा उभा राहिला की कुणीतरी विचारतंच, हा आता महाराष्ट्राचा अधिकृत झेंडा झाला का? तर नाही. राज्य सरकारची मुद्रा आहे, पण राज्याचा असा वेगळा झेंडा नाही. १ मे रोजी महाराष्ट्र दिनालाही तिरंगाच फडकतो.

मग हा कोणता? ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. हा दिवस 'शिवस्वराज्य दिन' म्हणून साजरा करायचं ग्रामविकास विभागानं २०२१ मध्ये ठरवलं. त्या दिवशी उभारायच्या गुढीचा हा भगवा स्वराज्यध्वज. दुकानातून आणलेला कुठलाही भगवा इथं चालत नाही. कापड सॅटिनचं, कडेला जर, ३ फूट रुंद आणि ६ फूट लांब. काठी किमान १५ फुटांची. म्हणजे चांगला सरळ वासा आधीच बघून ठेवावा लागतो.

ध्वजावर पाच चिन्हं असतात. जिरेटोप आणि जगदंब तलवार लगेच ओळखू येतात. सुवर्णहोन म्हणजे राज्याभिषेकाच्या वेळी पाडलेलं सोन्याचं नाणं, स्वतःचं नाणं म्हणजे स्वतःचं राज्य. वाघनखं प्रतापगडची, १६५९ सालची. पाचवी शिवमुद्रा, आठ कोनांची. हाच अष्टकोन सप्टेंबर २०२२ पासून भारतीय नौदलाच्या निशाणावरही आहे.

झेंड्याला किती मोल असतं हे पुण्याला वेगळं सांगायला नको. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं आणि पेशवाई संपली हे गावाला कळलं. दुसरा बाजीराव त्याआधीच शहर सोडून गेला होता.

इतर राज्यांचं काय? जम्मू-काश्मीरला २०१९ पर्यंत स्वतःचा झेंडा होता, लाल रंगावर चक्क पांढरा नांगर! शेतकऱ्याला एवढा मान दुसऱ्या कुठल्या झेंड्यावर क्वचितच मिळाला असेल. कर्नाटकानं २०१८ मध्ये पिवळा-पांढरा-लाल झेंडा ठरवून मंजुरीसाठी केंद्राकडे पाठवला होता.

सरपंच-ग्रामसेवकांनी एक मात्र बघावं. ध्वजसंहितेनुसार तिरंग्याच्या काठीवर त्याच वेळी दुसरा झेंडा लावता येत नाही, तिरंग्यापेक्षा उंचही नाही. स्वराज्यगुढीची काठी वेगळीच रोवावी आणि सूर्यास्ताला ध्वज नीट घडी घालून आत ठेवावा.