विश्लेषण : खेळण्यातल्या विटांची भिंत खरी का वाटत नाही?

लेगोच्या विटांनी बांधलेले घर सगळ्या बाजूंनी चोख असते. दारे-खिडक्या जागेवर, माणसेही उभी. पण भिंत काही केल्या विटांची वाटत नाही, प्लॅस्टिकचीच दिसते. वास्तविक ती विटांनीच तर बांधलेली असते! मग चुकते कुठे?

गोम मापात

लेगोची छोटी बाहुली सुमारे ४ सेंटिमीटर उंच असते. तिला १६८ सेंटिमीटरचा माणूस मानले, तर मॉडेल खऱ्या वस्तूच्या बेचाळिसाव्या हिश्शाचे झाले. दोन बटणांची साधी वीट १६ मिलिमीटर लांब आणि ९.६ मिलिमीटर उंच. ४२ने गुणले की ती भरते ६७ सेंटिमीटर लांब, ४० सेंटिमीटर उंच. ही वीट नव्हे, घडीव दगड झाला. शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिराचे काळे दगड दाखवायला हा ठोकळा आहे तसा चालेल. (नक्षीकामाचे काय, हा वेगळा प्रश्न.)

प्रमाणित भारतीय वीट मात्र १९ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर उंच. सांध्यातला माल धरून २० बाय १०. मॉडेलमध्ये ती फक्त ४.८ बाय २.४ मिलिमीटरची हवी. इतका लहान तुकडा लेगोत मिळत नाही.

जवळ कसे जायचे?

विटेऐवजी प्लेट वापरायची. प्लेट म्हणजे विटेच्या एक तृतीयांश उंचीचा, ३.२ मिलिमीटरचा चपटा तुकडा. लांबी जास्तच राहते, पण थराची उंची खऱ्या विटेच्या जवळ येते आणि डोळा आधी आडव्या रेषाच बघतो. गवंडी करतो तशी सांधेमोड हवीच, म्हणजे खालच्या थराचा उभा सांधा वरच्या तुकड्याच्या मधोमध यावा.

अडचण खिशाची आहे. १६ सेंटिमीटर रुंद, ९.६ सेंटिमीटर उंच भिंतीला दोन बटणांच्या १०० विटा पुरतात. प्लेटने तीच भिंत ३०० तुकडे खाते. त्यामुळे दर्शनी भिंत तेवढी प्लेटची करून मागची साधी ठेवणे शहाणपणाचे. दर्शनी बाजूवर विटांचे उठाव असलेला तुकडाही मिळतो. तो सगळीकडे लावला, तर एकच छाप पुन्हापुन्हा उमटून भिंत भिंतकागदासारखी दिसते. साध्या विटांत अधूनमधून पेरला, तर काम करतो. काही तुकडे मधोमध एकच बटण असलेल्या प्लेटवर बसवले, की ते अर्धे बटण, म्हणजे ४ मिलिमीटर, पुढे किंवा मागे सरकतात. भिंतीवर सावली पडते ती अशाने. पण हे मोजकेच करावे. जास्त झाले, तर भिंत पडायला आल्यासारखी वाटते.

रंग एकच का नको?

उत्तर बदलापूर-मुरबाड पट्ट्यातल्या वीटभट्टीवर मिळते. पावसाळा संपला की या भट्ट्यांवर कामाला सुरुवात होते; राबणाऱ्यांत कातकरी कुटुंबे बरीच. भट्टीत सगळ्या विटांना सारखी आच लागत नाही. जास्त भाजलेली वीट काळपट, वेडीवाकडी होते, तिला खंगर म्हणतात. कमी भाजलेली फिकट राहते. मॉडेलमध्येही मुख्य रंग तांबूस तपकिरी ठेवून गडद लाल, मातकट नारिंगी आणि एखादा काळसर तुकडा मिसळावा. मिसळताना हिशेब नको. डबा हलवून हाताला लागेल तो तुकडा लावावा, कारण विचार करून केलेली मिसळ लगेच नक्षीसारखी दिसते.

जुनी भिंत करायची असेल तर?

ती उलट स्वस्तात होते. आपल्याकडच्या बहुतेक भिंतींना प्लास्टर असते आणि ते गळते तेव्हाच विटा दिसतात. भिंत गुळगुळीत ठेवायची आणि ओल धरणाऱ्या जागी, म्हणजे खिडकीखाली, पाइपच्या कडेला, जमिनीलगत, प्लेटचे लाल ठिगळ उघडे ठेवायचे. वीस-पंचवीस तुकड्यांत भागते.

उल्हासनगरच्या बराकी यासाठी चांगला विषय आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे उल्हासनगर झाले. उरलेल्या बराकींत इतके फेरफार झाले आहेत, की मूळ रूप शोधावे लागते. मॉडेल करायचे असेल, तर फोटो आताच काढून ठेवावेत. जुन्या विटांची मापे आजच्यासारखी असतीलच असे नाही, म्हणून फोटो काढताना भिंतीला टेकवून एक फूटपट्टी ठेवावी. मग घरी बसून थर मोजता येतात.