विटा किती सांगायच्या?

मौदा येथे एनटीपीसीचा २,३२० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. अशा प्रकल्पात कोळसा जळून उरणाऱ्या राखेपासून विटा होतात, आणि भट्टीच्या लाल विटेपेक्षा त्यांचे माप अधिक एकसारखे असल्याने हिशेबही सोपा जातो. तरी माप गृहीत धरू नका. दहा विटा ओळीने ठेवा, टेपने मोजा, दहाने भागा.

समजा वीट २३० × ११० × ७५ मिलिमीटर आहे. मसाल्याचे १० मिलिमीटर धरले की दर्शनी बाजू २४० × ८५ होते. म्हणजे एकेरी भिंतीला चौरस मीटरमागे ४९ विटा आणि नऊ इंची भिंतीला ९८. मसाला विसरला तर हिशेब बराच फुगतो.

३ मीटर लांब, ३ मीटर उंच नऊ इंची भिंत ९ चौरस मीटरची. त्यातून १ × २.१ मीटरचे दार वजा केले की ६.९ उरतात, म्हणजे ६७६ विटा. तूटफुटीसाठी पाच टक्के जास्त धरून ७१० सांगाव्यात. चार भिंतींची लांबी बाहेरून मोजली तर कोपरे दोनदा धरले जातात, तेवढे सांभाळा.

अंगणात वाळूवर विटा आडव्या बसवल्या तर चौरस मीटरला ४० पुरतात, उभ्या कडेवर ५८ लागतात. गाडी उभी राहणार असेल तिथे उभ्याच बसवा.

विटा मागवण्याआधी हा हिशेब मिस्त्रीसोबत बसून एकदा पडताळा.