‘मदत’ नावाचा शब्द

‘आमचे हे घरात खूप मदत करतात,’ असं एखादी बाई कौतुकानं सांगते. कवितेमुळे मला शब्द निरखून पाहायची सवय लागली आहे. मदत करतात ती दुसऱ्याच्या कामात. म्हणजे घर हे बाईचंच काम, हे या कौतुकात आधीच ठरलेलं असतं.

सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात, पुरुषांची ९७. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. वेळ दोघांचाही घटला, अंतर जवळपास तेवढंच राहिलं.

पण मिनिटांत न मावणारंही एक काम असतं, लक्षात ठेवण्याचं. गॅसचा नंबर लावायचाय, सासऱ्यांच्या गोळ्या संपत आल्यात, दिवाळी असो की ईद, सामानाची यादी करायचीय. ऑफिसातही हे डोक्यात चालूच. हात रिकामे होतात, मन होत नाही. चिडचिड, उडालेली झोप यांचं मूळ पुष्कळदा इथं असतं.

पुरुषही सुटलेला नाही. त्याला जोखतात ते कमाईवर. नोकरी डळमळली तरी घरी सांगायची चोरी. ‘बायकांसारखा रडतोस काय?’ हे त्यानं लहानपणीच ऐकलेलं. मग दुःख रागाच्या वाटेनं बाहेर पडतं.

म्हणून ‘काय मदत करू?’ असं विचारू नये. एक काम लक्षात ठेवण्यासकट आपलं म्हणून घ्यावं. गोळ्या आणायच्या, तर त्या कधी संपतात हेही आपणच पाहावं. आणि घरातल्या पुरुषाचे डोळे भरून आले, तर त्याला रडू द्यावं.