जुनी बोट-मोटर भंगारात देण्याआधी

दिघोरीच्या आजच्या कार्यक्रमात आम्ही जरा वेगळा विषय घेतला आहे, डोंग्याच्या मागे लावायची जुनी मोटर. तुम्ही म्हणाल, हा तर गड्यांचा विषय. पण मासेमारीचा पैसा बचत गटातून उभा राहतो, कर्जाचा हप्ता आपण भरतो, मासोळी बाजारात आपण नेतो. मग मोटर बंद पडली आणि कुणी "ही गेली, नवीन घ्या" म्हणालं, तर ते खरं की खोटं हेही आपल्याला कळायला हवं.

आपल्या लाखांदूर तालुक्यातल्या बोडीत किंवा मामा तलावात मोटरीचं काम नाही, तिथे वल्हं पुरतं. पण वैनगंगेच्या पात्रात आणि गोसीखुर्दच्या बुडिताच्या पाण्यात अंतर लांब असतं आणि वारा सुटला की हात थकतात. तिथे मोटर उपयोगाची. नवीन महाग पडते, म्हणून जुनी घेतली जाते.

ही मोटर तशी ओळखीचीच आहे. जुन्या बोट-मोटरी बहुतेक टू-स्ट्रोक असतात, आपल्या लुनासारख्या. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, दोरी ओढून चालू करायची. ज्या मिस्त्रीनं लुना उघडली आहे, त्याला हिचं इंजिन परकं नाही.

वर्षानुवर्षं पडून असलेल्या मोटरीची दोरी लगेच ओढू नका. आत गंज असेल तर ओरखडे पडतात. आधी प्लग काढा, त्या छिद्रातून चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल सोडा आणि वरचं चाक हातानं हळूहळू फिरवा. अडकलं तर जोर लावू नका. ऑइल रात्रभर मुरू द्या. सैल फिरलं की पुढच्या तीन तपासण्या करा.

पहिली, ठिणगी. काढलेला प्लग टोपीत बसवा, त्याचं लोखंड इंजिनाच्या लोखंडाला टेकवा. प्लग छिद्रापासून दूर ठेवा, जवळ पेट्रोल नको. हातानं न धरता रबरी मुठीच्या पकडीनं धरा. दोरी ओढल्यावर निळी ठिणगी दिसली तर ठीक. पिवळी, अशक्त किंवा अजिबात नसेल तर आधी नवीन प्लग लावून बघा. तरीही नसेल तर चाकाखालचे पॉइंट साफ करायचे, मग कंडेन्सर आणि कॉइल तपासायची. हे मिस्त्रीचं काम आहे, पण कोणत्या क्रमानं करायचं ते आपण सांगू शकतो.

दुसरी, दाब. प्लग तसाच लोखंडाला टेकलेला ठेवून छिद्रावर अंगठा दाबा आणि दुसरीला दोरी ओढायला सांगा. हवेनं अंगठा उडवला तर दाब आहे. दोन सिलिंडर असतील तर दोन्हीकडे सारखाच जोर लागला पाहिजे. दाबच नसेल तर खर्च मोठा निघतो. अशी मोटर विकत घेणार असाल तर तिथेच थांबा.

तिसरी, पेट्रोल. जुनं पेट्रोल आटून कार्बोरेटरमध्ये डिंकासारखं चिकटतं. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते ओलावा ओढतं आणि जुनी रबरी नळी खराब करतं. म्हणून टाकी पूर्ण रिकामी करा, नळी बदला, कार्बोरेटर उघडून साफ करून घ्या. जेटच्या बारीक छिद्रात तार घालू देऊ नका, छिद्र मोठं होतं. हवेनं फुंकून साफ करायचं.

ऑइल किती मिसळायचं ते मोटरीवर किंवा तिच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पन्नासास एक म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, पंचवीसास एक म्हणजे ४०. जितकी मोटर जुनी, तितकं ऑइल सहसा जास्त. अंदाजानं ओतू नका, मापाचं झाकण ठेवा. ऑइल कमी पडलं तर पिस्टन जळतो.

आता पाणी. ही मोटर नदीचंच पाणी ओढून थंड होते. ते ओढणारा रबरी पंखा खालच्या पायात असतो आणि कोरडी चालवली तर तो लगेच फाटतो. म्हणून घरी तपासताना मोटर पाण्यानं भरलेल्या मोठ्या ड्रममध्ये उभी करा आणि गिअर न टाकता चालवा. बहुतेक मोटरींच्या मागून पाण्याची बारीक धार येते. धार थांबली की मोटर लगेच बंद करा. हे काम उघड्यावरच करायचं, बंद खोलीतला धूर जीव घेतो. जवळ चूल नको, बिडी नको. पदर आणि केस घट्ट खोचा, वरचं चाक उघडं असतं.

पाण्यात गेल्यावरच्या काही खुणा लक्षात ठेवा. पाच-दहा मिनिटं चालून बंद पडते, थांबल्यावर पुन्हा चालते? टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का ते बघा. इंजिन जोरात फिरतं पण डोंगा हलत नाही? खुंटाला, जाळ्याला अडकून पंख्याची पिन तुटली असेल. ती पिन मऊ असते, स्वतः तुटून गिअर वाचवते. तिच्या जागी लोखंडी खिळा ठोकला तर पुढच्या वेळी गिअरच तुटतो. दोन पिना सोबत ठेवा. खालचं गिअर ऑइल ताकासारखं पांढरं निघालं तर आत पाणी शिरलंय, सील बदला. मोटर पाण्यात पडली तर त्याच दिवशी उघडून पाणी काढा आणि ऑइल सोडा. दोन दिवस ठेवली तर आतून गंजते.

विकत घेताना एक नियम ठेवा. ड्रममध्ये पंधरा मिनिटं चालून दाखवल्याशिवाय गटाचा पैसा द्यायचा नाही. सुटे भाग कुठे मिळतात तेही आधीच विचारा.

१९०९ साली अमेरिकेत ओले एविनरूड यांनी अशी मोटर बाजारात आणली, तेव्हा हिशेब आणि जाहिरात त्यांची पत्नी बेस सांभाळत होती. वल्ही फेकून द्या, असं तिच्या जाहिरातीत होतं. त्या बाईचा व्यवहार घ्यावा, पण तो सल्ला घेऊ नये. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या बायांचा डोंगा याच वैनगंगेत उलटला आणि बाया बुडाल्या. मोटर कितीही चांगली असो, डोंग्यात दोन वल्ही, पाणी उपसायला डबा आणि माणशी एक लाइफ जॅकेट असल्याशिवाय किनारा सोडायचा नाही. पुढच्या गट-बैठकीत कर्जाच्या यादीत मोटर लिहाल, तेव्हा तिच्याखालीच जॅकेटंही लिहा.